जुन्या शिवणयंत्रांची पारख

घराच्या माळ्यावर किंवा जिन्याखालच्या अंधारांत लांकडी पेटींत झांकून ठेवलेलें शिवणयंत्र अजूनही पुष्कळ कुटुंबांत आढळतें. आजीच्या किंवा पणजीच्या काळीं ज्याच्या चाकावर घरांतलीं परकर-पोलकीं शिवून निघालीं आणि कित्येकदां सबंध संसारच ओढला गेला, तें यंत्र आतां अडगळ म्हणून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतें व वजनावर विकलें जातें. उलट पक्षीं, तशाच यंत्राला ‘पुरातन’ हें नांव देऊन अवाच्या सवा किंमत सांगणारेही बाजारांत कमी नाहींत. खरी पारख या दोन टोकांच्या मधें कोठें तरी असते; आणि ती यंत्राच्या वयावर अवलंबून नसून, तें सर्व अंगांनीं पूर्ण आहे कीं नाहीं व आज टांका घालूं शकेल कीं नाहीं, या दोन प्रश्नांवर अवलंबून असते.

जुनें म्हणजे दुर्मिळ, हा समज प्रथम सोडला पाहिजे. आयझॅक सिंगर या अमेरिकन गृहस्थानें १८५१ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानें पुढें १८५६ च्या सुमारास तें हप्त्यांनीं विकण्याची प्रथा पाडली. हप्त्यांच्या सोयीमुळें हें यंत्र मध्यम स्थितीच्या घरांतही शिरलें. स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथें १८८५ सालीं सुरू झालेल्या किलबोवी कारखान्यांतून १९१३ या एका वर्षांत १३ लाखांहून अधिक यंत्रें बाहेर पडलीं. आपल्याकडे आलेलीं बहुतेक सिंगर यंत्रें याच कारखान्याचीं. हिंदुस्थानांत त्यांचा प्रसार करण्यांत कंपनीचे एजंट नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांचा मोठा हात होता. यंत्रयुगाविषयीं प्रतिकूल मत असलेल्या महात्मा गांधींनीं देखील १९२४ सालच्या एका संभाषणांत सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता. तेव्हां शंभर वर्षांचें यंत्र सांपडलें एवढ्यानें घबाड हातीं लागलें असें होत नाहीं.

घबाडाच्या आशेनें लोक किती वाहवत जातात, याचें एक उदाहरण सौदी अरेबियांत २००९ सालीं घडलें. सिंगरच्या जुन्या यंत्रांत ‘लाल पारा’ नांवाचें अमोल द्रव्य असतें, अशी आवई तेथें उठली. भ्रमणध्वनी सुईजवळ धरावा. संभाषण तुटलें तर आंत पारा आहे असें समजावें, अशी परीक्षाही कोणीं तरी काढली! हां हां म्हणतां किंमती कल्पनेपलीकडे चढल्या. वास्तविक या यंत्रांत बीड, पोलाद, थोडें पितळ व तेल यांखेरीज कांहीं नसतें. अशा प्रकारची बातमी कोणी कानांत सांगूं लागला, तर त्याच्याशीं व्यवहारच करूं नये हें बरें.

वय समजण्यास पेटीवरचा गंज किंवा विकणाऱ्याच्या आठवणी उपयोगी पडत नाहींत, क्रमांक पाहावा. सिंगरच्या यंत्राचा क्रमांक बैठकीच्या उजव्या अंगास, पुढच्या बाजूला ठोकलेला असतो. १९०० पूर्वींच्या यंत्रांवर नुसते आंकडे असत. त्यानंतर आंकड्यांच्या आधीं रोमन अक्षर येऊं लागलें. ‘एफ’ किंवा ‘वाय’ हें अक्षर, अथवा ‘ई’ ने सुरू होणारी अक्षरांची जोडी असेल तर यंत्र क्लाइडबँकचें. ‘जी’ असेल तर अमेरिकेंतील एलिझाबेथ येथल्या कारखान्याचें. क्रमांकांवरून साल दाखविणाऱ्या याद्या प्रसिद्ध आहेत. मात्र त्यांतील साल क्रमांक कारखान्याला नेमून दिल्याचें असतें, यंत्र तयार झाल्याचें नव्हे, एवढें ध्यानांत ठेवावें. सोनेरी अक्षरांवर तर मुळींच भिस्त ठेवूं नये. मँचेस्टरजवळच्या जोन्स कंपनीच्या यंत्रांवर, तें राणी अलेक्झांड्रा हिला पुरविलेलें आहे, अशा अर्थाची ओळ असते. ती वाचून यंत्र राजवाड्यांतून आलें असें कित्येकांस वाटतें. अलेक्झांड्रा १९०१ ते १९१० या काळांत राणीपदावर होती. कंपनी मात्र ही ओळ त्यानंतरही पुष्कळ वर्षें आपल्या साध्या घरगुती यंत्रांवर छापीत राहिली.

आतां मुख्य गोष्ट. यंत्र शिवूं शकेल कीं नाहीं हें दोन लहान वस्तूंवर ठरतें: सुई आणि धोटा. सिंगरच्या २७, २८, १२७ व १२८ या नमुन्यांत खालचा दोरा बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या पोलादी धोट्यांत बसतो आणि तो धोटा लंबकाप्रमाणें मागें-पुढें झुलतो. सरकती झांकणी ओढून आंत पाहिल्यावर धोट्याची जागा रिकामी दिसली, तर किंमत लागलीच खालीं आली पाहिजे. कारण धोटा व त्यांतील लांबोडकी बॉबिन हीं सर्वांत आधीं हरवतात. तथापि या नमुन्यांचे धोटे नवे तयार होऊन मिळतात, आणि त्यांना आजची साधी घरगुती सुई चालते. म्हणून नवशिक्या संग्राहकानें येथूनच आरंभ करावा. त्याहून जुनें, सारंगीच्या आकाराच्या बैठकीचें ‘१२’ नमुन्याचें यंत्र दिसावयास फार देखणें. पण त्याची सुई निराळ्या जातीची, व ती सहजासहजीं मिळत नाहीं. विलकॉक्स आणि गिब्ज यांचें यंत्र तर एकाच दोऱ्यानें सांखळीचा टांका घालतें. जेम्स गिब्ज या व्हर्जिनियांतील शेतकऱ्यानें १८५७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या सांगाड्याचा आकार रोमन ‘जी’ अक्षरासारखा असतो. त्यालाही स्वतंत्र सुई लागते. अशीं यंत्रें सुई हातीं असल्याखेरीज घेऊं नयेत. नाहींपेक्षां तीं शोभेचीं ठरतात.

शोधावयाचें कोठें? पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार येथें एखादें यंत्र दिसतें खरें, पण तेथें रंगरंगोटी फार. काळा रंग नवा चकचकीत, वर कागदी चित्रें चिकटवलेलीं आणि धड एकाचें, चाक दुसऱ्याचें, असा प्रकार पुष्कळदां असतो. सिंगरच्या १५ नमुन्याच्या नकला दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत व पुढें इतरत्रही विपुल झाल्या. अशा नकलेवर सिंगरचा पितळी बिल्ला बसविणें कठीण नाहीं. बिल्ला दोन खिळ्यांनीं बसतो, ठोकलेला क्रमांक मात्र बदलत नाहीं. बाजारापेक्षां पेठेंतला जुना यंत्रदुरुस्तीवाला हा अधिक भरंवशाचा. कोणत्या वाड्यांत कोणतें यंत्र आहे आणि कोणता शिंपी धंदा आवरतो आहे, हें त्याला ठाऊक असतें. वाडे व चाळी पाडून नव्या इमारती उठत असतांना हीं यंत्रें एकदम बाहेर पडतात. दोन दिवस उशीर झाला तर बिडाचें धड भट्टींत जातें, आणि पायट्याची जाळीदार चौकट उपाहारगृहांत मेजाखालीं जाऊन बसते. अशा वेळीं विकणारी बहुधा एखादी म्हातारी बाई असते. खोटे दोष दाखवून तिच्याकडून भाव पाडून घेणें हें चातुर्य नव्हे, हलकेपणा आहे.

चाक फिरत नसलें म्हणून यंत्र मेलें असें समजूं नये. घरोघरीं खोबरेल घालण्याची खोड असे. तें वाळून चिकट होतें आणि सांधे धरतात. असें यंत्र जोरानें कधींही फिरवूं नये. सांध्यांत थेंब थेंब रॉकेल सोडावें, कांहीं तास वाट पाहावी, मग हलक्या हातानें चाक थोडें मागेंपुढें करावें. सुटल्यावर रॉकेल पुसून यंत्राचेंच तेल द्यावें. एका दिवसांत न सुटलेलें यंत्र आठवड्यानें सुटतें. सुईचा दांडा मात्र खोल गंजलेला असेल किंवा बिडाला तडा गेलेला असेल, तर मोह आवरावा. स्फिंक्सची सोनेरी नक्षी असलेलें यंत्र स्पिरिटानें पुसण्याची चूक कित्येक हौशी लोक करतात. नक्षीवर लाखेचा लेप असतो व तो स्पिरिटांत विरघळतो, मग नक्षीही जाते. तेलाचा बोळा पुरे. विजेवर चालणारीं यंत्रें, विशेषतः अमेरिकेंतून आलेलीं ११० व्होल्टचीं, आपल्या २३० व्होल्टच्या खटक्याला परस्पर लावूं नयेत. शिवाय जुन्या तारांचें वेष्टन बोट लावतांच गळून पडतें.

शेवटची कसोटी कापडाची. मांजरपाटाच्या दोन घड्या, वर एका रंगाचा दोरा व खालीं दुसऱ्या रंगाचा, एवढें सामान खिशांत असावें. टांका दोन्ही बाजूंनीं सारखा उतरला, खालचा रंग वर डोकावला नाहीं, तर दोऱ्याचा ताण ठीक आहे. विकणारा घाई करूं लागला तरी ही परीक्षा सोडूं नये. पैसे दिल्यावर हें यंत्र कोणाचें, कोणत्या गांवचें, त्यावर काय शिवलें जात असे, हें विचारून एका चिठ्ठीवर लिहावें व ती क्रमांकासह यंत्राबरोबर ठेवावी. आणि नेतांना कमानदार झांकणाच्या मुठीवर विसंबूं नये. जुनें कुलूप वाटेंत सुटतें, झांकण हातांत राहतें आणि बिडाचें धड पायावर येतें. बैठकीखालून दोन्ही हात घालून उचलावें.