छपरावरून घराची किंमत

कोकणात जुनं घर बघायला आलेलं गिऱ्हाईक अंगण, विहीर, झाडं बघून खूश होतं आणि मग मान वर करतं. खरा सौदा तिथून सुरू होतो.

मंगलोरी कौलं आपल्याकडे रुजवली बासेल मिशनने; त्यांचा मंगळूरचा कारखाना 1865 चा. वासे-रिपांवरच्या कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण 65 किलो, तर 10 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं तब्बल 250. जड स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत ओततो. कौलांच्या फटींतून मात्र गरम हवा निघून जाते. मग कौलारू घराचा भाव का पडतो? कारण कौल नव्हे, खालचं लाकूड. वाळवीने खाल्लेले वासे, दरवर्षीची शाकारणी आणि वानरांच्या उड्या, हा खर्च गिऱ्हाईक मनातल्या मनात वजा करतं. कर्ज घ्यायचं असेल तर बँकेचा मूल्यांकनकारही बांधकामाचं उरलेलं आयुष्य मोजतो.

पत्रा स्वस्त आणि झटपट. पण तापतो आणि पावसात बोलणं ऐकू देत नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर जास्त सावध राहा. त्यांत अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि त्याच्या धुळीने कर्करोग होतो. ते फोडू नयेत, कापू नयेत.

माझं मत विचाराल तर विकण्याआधी कौलं काढून स्लॅब टाकू नका. कुजलेले वासे बदला. आणि घेणाऱ्यांनो, घर भर पावसात बघा.