जालन्याची साखळी

संपादकांना नाताळ अंकासाठी मिशन हॉस्पिटलवर किंवा मिशनच्या एखाद्या जुन्या शाळेवर लेख हवा होता. त्या दोन्हींवर पुष्कळ लिहून झालंय, म्हणून मी हापसा मागून घेतला. भारतात आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गावोगाव जो पोलादी हातपंप उभा दिसतो, त्या ‘इंडिया मार्क टू’चं मूळ आपल्या जालन्यात आणि सोलापुरात आहे. आणि तहानलेल्याला पाणी देणं ही ख्रिस्ताचीच सेवा आहे असं मानणाऱ्या माणसांनी ते रुजवलं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

जालन्याला स्कॉटिश मिशन जुनं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं होतं. पण हापशाची गोष्ट सुरू होते 1960च्या दशकाच्या अखेरीस. तोवर दाबाच्या हवेवर चालणारी बोअरची यंत्रं आली होती. ज्या काळ्या पाषाणात विहीर खणायला महिनोन्‌महिने लागत, तिथे ही यंत्रं थोड्याच वेळात खोल भोक पाडत. दुष्काळी गावांसाठी चर्चच्या संस्थांनी अशी यंत्रं मिळवली, बोअर घेतले, वर पंप बसवले. लोकांनी नारळ फोडले आणि यंत्र पुढच्या गावाला गेलं.

पंप मात्र टिकेनात. ते ओतीव लोखंडाचे होते आणि त्यांचं मूळ डिझाइन अमेरिका-युरोपातल्या शेतघरांचं, म्हणजे एका कुटुंबाला दिवसाकाठी चार बादल्या पाणी पुरेल एवढ्याच बेताचं. इथे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत अख्खं गाव हापसत होतं. पिना झिजल्या, सांधे खिळखिळे झाले, दांडे तुटले. 1974 साली युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारांतले जवळजवळ तीन हातपंप बंद निघाले. खाली पाणी आणि वर मोडकं लोखंड, अशी गत.

मला मोठी वाटते ती यापुढची गोष्ट. बोअर पाडून दिल्यावर दानाचं पुण्य पदरात पडलेलंच होतं. मोडलेल्या पंपाचा दोष गावावर टाकणंही सोपं होतं: यांना वापरता येत नाही, यांना जपता येत नाही. जालन्याच्या मिशनमधल्या पाणी-प्रकल्पातल्या माणसांनी तसं केलं नाही. पंप का मोडतो ते त्यांनी शोधलं, आणि बायकांचा हापसण्याचा जोर कमी करण्याऐवजी तो जोर सोसणारा पंप घडवला.

तो कसा, हे मला एका मिस्त्रींनी दाखवलं. जालन्याच्या आसपासच्या गावांत त्यांनी आयुष्यभर हापसे दुरुस्त केलेत. त्यांचे वडील मिशनच्या बोअर-यंत्रावर हेल्पर होते. एका वस्तीवर त्यांनी हापशाच्या डोक्यावरचं झाकण बोल्ट काढून उचललं आणि मला म्हणाले, “वाका, आत बघा.” आत ग्रीसने काळी झालेली एक साखळी होती. मोटारसायकलची असते तसलीच, पण हातभरही नाही. दांड्याचं आतलं टोक कमानीसारखं गोल घडवलेलं. साखळीचं एक टोक त्या कमानीला, दुसरं खाली बोअरमध्ये उतरणाऱ्या सळईला. मिस्त्रींनी दांडा सावकाश खाली दाबला. साखळी कमानीवर गुंडाळली गेली आणि सळई सरळ उभी वर आली, जराही डावी-उजवीकडे न कलता.

सगळी मेख एवढ्यातच आहे. जुन्या पंपांत दांडा आणि सळई पिनांनी जोडलेले असत. दांडा गोलाईत फिरे, त्यामुळे सळई दर खेपेला तिरकी ओढली जाई आणि जे जे घासायचं ते घासून जाई. जालन्याच्या पंपाने अनेक सांध्यांच्या जागी एकच आस ठेवला आणि साखळीने ओढ सरळ केली. दांडाही भरीव पोलादाचा, चांगला जड. बाहेरच्या बाजूचं हे वजन सळयांचा भार तोलून धरतं, म्हणून दहा-बारा वर्षांची पोरगीसुद्धा शंभर फुटांवरचं पाणी वर काढू शकते. साखळी फक्त ओढते, ढकलत नाही. सळईच्या खालच्या टोकाचा दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या स्वतःच्या वजनाने. म्हणून पाणी फार वर असेल तिथे हा पंप नीट चालत नाही. खोल पाण्यासाठीच तो जन्मला.

जालन्याचा पंप बोअरच्या केसिंग पाइपालाच धरून उभा असे आणि हिसक्यांनी पाइप हले. सोलापूर वेल सर्व्हिसच्या कारागिरांनी आणखी मजबूत पंप बांधला आणि त्याचा खांब काँक्रीटमध्ये रोवला. केसिंग सुटं राहिलं, भार जमिनीने घेतला. पुढे सरकार आणि युनिसेफ यांनी याच घडणीवरून काम केलं, कोईमतूरच्या भागात खोल बोअरवर चाचण्या झाल्या आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्यात उत्पादन सुरू झालं. नाव पडलं इंडिया मार्क टू. पेटंट कुणाचंच नाही. ज्याला बनवायचाय त्याने आराखडा घ्यावा, अट एवढीच की मापं चोख हवीत.

हापसा कुठे बसवायचा, हाही सेवेचाच प्रश्न होता. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं हे जोडपं दुष्काळात बोअर घेताना जागा दलित वस्तीत पाहत असे. पाणी हवं तर सवर्णांना ज्या आळीत कधी पाऊल टाकलं नाही तिथे घागर घेऊन जावं लागे. समतेवर कितीही प्रवचनं दिली असती, तरी तिथल्या रांगेने जे केलं ते त्या प्रवचनांना जमलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

इथवर अभिमानाने लिहिता येतं. पण मिस्त्रींबरोबर फिरताना अभिमान टिकवणं कठीण जातं. पुढच्या वाडीवर एक आजी ओट्यावर बसून होत्या. मिस्त्री पाने काढायला लागले तशा म्हणाल्या, “उगं कामून खोलायलास बाबा? पाणीच गेलंय खाली.” मिस्त्रींनी तरीही खोललं. साखळीला ग्रीस होतं, आस नीट फिरत होता. दोष पंपात नव्हताच.

हा पंप साधारण 45 मीटरांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. भोवतालच्या मोसंबीच्या बागांतले बोअर त्याच्या कितीतरी खाली गेलेत आणि त्यांवर विजेच्या मोटारी आहेत. आपल्या राज्यात कायदा नाही असं नाही. 1993च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरांच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली, 2009च्या कायद्याने 60 मीटरांहून खोल विहिरींना आळा घातला. ते 500 मीटर मोजायला कुणी येत नाही. बाग जगवणाऱ्यालाही मी दोष देऊ शकत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. पण ज्या बाईकडे बाग नाही, मोटार नाही, तिचा हापसा आधी कोरडा पडतो.

जिथे पाणी आहे तिथली अडचण निराळी. दट्ट्याचं वायसर झिजतं. वस्तू किरकोळ, पण ती बदलायची तर तिकाटणं उभं करून सगळे पाइप वर काढावे लागतात. एकेक पाइप तीन मीटरचा, पाण्याने भरलेला, आणि खोल बोअरला असे पंधरा. पाइप न काढता दट्ट्या वर ओढता यावा म्हणून मार्क थ्री निघाला. त्याला रुंद आणि महाग पाइप लागतो. शिवाय आता नळ आलेत. नळ आला की हापशाकडे दुर्लक्ष होतं, आणि लाइट गेली की सगळं गाव पुन्हा त्याच्याचकडे धावतं.

मिस्त्रींची कंबर आता धरते. त्यांच्या मुलाला हे काम नको आहे आणि त्यांनी आग्रह सोडलाय. बचतगटातल्या दोघीजणी मात्र शिकायला येतात. मी पाहिलं त्या दिवशी त्यातल्या एकीने साखळी सोडवून पुन्हा बसवली आणि मिस्त्रींना विचारलं, “भाऊ, ग्रीस किती दिवसांनी?” आसाचं काम त्यांना येतं, वायसरचंही येतं. अडतंय ते तिकाटणं आणि पाइप-पाने गावोगाव न्यायला लागणाऱ्या टेम्पोवर. ग्रामपंचायत म्हणते पंचायत समितीला विचारा, पंचायत समिती म्हणते तरतूद नाही. मिस्त्रींनी त्यांच्या चर्चच्या पाळकांना गळ घातली आहे की सुगीच्या उपकारस्तुतीच्या दानातून भाडं द्यावं. मंडळीत त्यावर दोन मतं आहेत, कारण त्याच पैशांत कंपाउंडची भिंतही बांधायची आहे.