ग्रंथालयातला संगणक कोणासाठी?

सध्या जिकडे तिकडे डिजिटल ग्रंथालयाची भाषा सुरू आहे. पुढारी संगणक भेट देतात, फीत कापतात, फोटो काढून घेतात आणि निघून जातात. वर्षभरात त्या संगणकावर धूळ बसते. तो कोणासाठी आणला, त्यावर काम कोण करणार, वीजबिल कोण भरणार, हे आधी कोणी ठरवलेलेच नसते. भंडारा जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तंत्रज्ञानाचा आराखडा करायचा असेल तर सुरुवात याच प्रश्नांपासून झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या पूर्वजांना हजारो वर्षे अक्षराची बंदी होती, त्यांच्यासाठी ग्रंथालय ही केवळ फावला वेळ घालवण्याची जागा नाही. तो हक्काचा प्रश्न आहे.

बाबासाहेब 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपण सर्व जाणतो. त्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. ती पेटी म्हणजे त्या काळचे तंत्रज्ञानच होते. परंतु महाराजांनी आधी खेड्यातला वाचक पाहिला आणि मग पेटी बनवली. आज आपल्याकडे आधी पेटी येते आणि वाचक शोधावा लागतो.

महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यानुसार ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान. कर्नाटक आणि तामिळनाडूत ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकर आहे, आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे लाखनी किंवा लाखांदूर तालुक्यातील एखाद्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाने महागडी संगणक प्रणाली विकत घ्यायची म्हटले तर पुस्तक खरेदीवरच गदा येणार. मग विकत घ्यायचीच कशाला?

न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयापुढे हाच पेच होता. त्यांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडताच बंद पडणार होती आणि नवी परवडत नव्हती. त्यांनी 1999 मध्ये स्वतःची प्रणाली बनवून घेतली, जानेवारी 2000 पासून वापरली आणि साऱ्या जगाला मोफत देऊन टाकली. तिचे नाव ‘कोहा’. तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांच्या भाषेत कोहा म्हणजे दान, भेट. आपल्याकडे शासनाच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानेही ‘ई-ग्रंथालय’ नावाची प्रणाली तयार केली आहे. तेव्हा कोणी विक्रेता लाखाचे अंदाजपत्रक घेऊन आला तर कार्यकारी मंडळाने त्याला पहिला प्रश्न विचारावा: जे मोफत मिळते त्यात काय कमी आहे? वाचलेला पैसा माणसावर खर्च करावा. ग्रंथपालाला प्रशिक्षण द्यावे, त्याचे मानधन वाढवावे. दुरुस्ती, बॅटरी, इंटरनेट यांचा पाच वर्षांचा खर्च पहिल्याच दिवशी कागदावर मांडावा.

यंत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सूची. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी ही आतून इंग्रजी अक्षरेच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर निरर्थक होतो. म्हणून प्रत्येक नोंद युनिकोडमध्येच झाली पाहिजे. त्यातही एकवाक्यता हवी. ‘आ’ हे अक्षर कोणी सरळ टंकतो, कोणी ‘अ’ला काना जोडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात. मग ‘आंबेडकर’ शोधणाऱ्या मुलाला पुस्तक कपाटात असूनही ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते. युनिकोडचा आणखी एक लाभ असा की अंध वाचकाला पडदा वाचून दाखवणारी मोफत प्रणालीसुद्धा त्यावर चालते.

विषयाचे शब्द कोण लिहितो, हेही पाहिले पाहिजे. धर्मांतरावरचा ग्रंथ नुसता ‘धर्म’ या शब्दाखाली टाकला, कामगार चळवळीचे आत्मचरित्र नुसते ‘चरित्र’ म्हणून नोंदवले, की ते असून नसल्यासारखे होते. पूर्वी ग्रंथ दडवले जात. आता चुकीची नोंद केली तरी तेच काम भागते. म्हणून सूची करताना चळवळीची माहिती असलेला माणूस तेथे बसलाच पाहिजे.

आणि नोंदवायचे काय? बाबासाहेबांनी 1954 साली याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. त्या वेळची पत्रके, फोटो, पावत्या कोणा वृद्ध कार्यकर्त्याच्या ट्रंकेत असतील तर आज त्यांना वाळवी लागत असेल. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीला बड्या वृत्तपत्रांनी त्याकडे दुर्लक्ष केले. सत्यशोधन अहवाल, मोर्च्यांची पत्रके, छोट्या वृत्तपत्रांची कात्रणे यांतूनच ते जगापुढे आले. 2017 मध्ये भैयालाल भोतमांगेही गेले. उद्या एखाद्या विद्यार्थिनीने भंडाऱ्याच्या ग्रंथालयात ‘खैरलांजी’ हा शब्द टाकला आणि उत्तर कोरे आले, तर तो दोष कोणाचा? एक स्कॅनर, दोन प्रशिक्षित तरुण आणि सहा महिने एवढे जरी लाभले तरी या कामाची सुरुवात होऊ शकते.

स्कॅन केलेली प्रत मात्र एकाच इमारतीत ठेवू नये. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात आणि पवनी परिसरात शिरले होते. म्हणून एक प्रत जिल्ह्याबाहेर हवी. महाराष्ट्र शासन 1979 पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध करीत आले आहे. त्यातील इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेले आहेत. ते ग्रंथालयाच्या संगणकात उतरवून ठेवले तर इंटरनेट बंद असतानाही वाचता येतील.

वेळेचेही नियोजन हवे. बिडी वळणारी बाई, धानाच्या बांधीत रोवणी करणारा मजूर दुपारी ग्रंथालयात कसा येणार? संगणक संध्याकाळी सुरू हवा, मुलींसाठी राखीव वेळ हवी, आठवड्यातून एकदा तो विहारातील अभ्यासिकेत नेता आला पाहिजे. आणि कोणी कोणते पुस्तक नेले, ही माहिती त्या वाचकाचीच आहे. ती इतरांना दिसता कामा नये. पुस्तक परत येताच वाचकाचे नाव त्या नोंदीतून पुसण्याची सोय कोहात आहे. ती वापरावी.

हे सारे कोण करणार? शासन करील म्हणून बसून राहण्यात अर्थ नाही. आपल्या शिकल्या-सवरल्या नोकरदार बांधवांनी गावच्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे, कार्यकारी मंडळात जावे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांपुढे लेखी आराखडा ठेवावा. 14 एप्रिलला डीजेवर उधळला जाणारा पैसा एका वर्षी स्कॅनरकडे वळवावा. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात जो स्तूप सापडला, त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. कोणीतरी नोंद केली, म्हणून दोन हजार वर्षांनी ती माणसे आपल्याला माहीत झाली. आपली नोंद आपणच करायची आहे. ती दुसऱ्यांवर सोपवली तर काय होते, याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.