कुत्र्यांमधील मणक्याची गादी सरकणे

कुत्र्यांमधील मणक्याची गादी सरकणे हा पाठीच्या कण्याचा एक विकार आहे. यात दोन मणक्यांमधील गादी, म्हणजेच चकती, फुटते किंवा फुगते आणि तिचा दाब मज्जारज्जूवर येतो. कुत्र्यांच्या मागच्या पायांतील बळ अचानक जाण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. पाय पूर्णपणे लुळे पडले म्हणजे कुत्रा कायमचा अधू झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. अशा कुत्र्याचे भवितव्य मुख्यत्वे पायांत खोल वेदनेची जाणीव उरली आहे की नाही यावर अवलंबून असते.

रचना व कारणे

कुत्र्याच्या मानेत ७, छातीत १३ आणि कंबरेत ७ मणके असतात. लगतच्या मणक्यांमध्ये धक्के सोसणारी गादी असते. अपवाद फक्त मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा. गादीच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गाभा आणि भोवती तंतुमय वलय असते. वलयाची मज्जारज्जूकडील बाजू विरुद्ध बाजूपेक्षा पातळ असल्याने गाभा फुटला की तो बहुधा वर, मज्जारज्जूच्या दिशेने उसळतो.

स्वीडनचे पशुवैद्यक हान्स-यॉर्गेन हान्सेन यांनी १९५२ मध्ये या विकाराचे दोन प्रकार वर्णिले आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पहिल्या प्रकारात गाभा लहान वयातच कोरडा होतो, त्यात चुना साठतो आणि एके दिवशी वलय फाडून तो बाहेर पडतो. डॅशहाउंड, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग, बीगल यांसारख्या, विशेषतः आखूड पायांच्या जातींत हा प्रकार अधिक दिसतो आणि बहुधा ३ ते ७ वर्षांच्या वयात उद्भवतो. दुसऱ्या प्रकारात उतारवयातील मोठ्या जातींच्या कुत्र्यांचे वलय हळूहळू फुगत जाते. त्याची लक्षणे महिनोन्महिने वाढत राहतात.

आखूड पाय आणि ठिसूळ गादी यांची सांगड केवळ योगायोगाची नाही. गुणसूत्र १२ वर एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत असते आणि तिचा संबंध या दोन्ही लक्षणांशी असल्याचे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. बिळात शिरून शिकार करण्यासाठी माणसाने जे ठेंगणेपण जोपासले, त्याची किंमत या जातींचा कणा मोजतो आहे.

छातीच्या पुढच्या भागात फासळ्यांची टोके जोडणारे अस्थिबंध गादीच्या वरून जातात आणि तिला आवर घालतात. त्यामुळे तेथे गादी क्वचितच फुटते. छाती संपून कंबर सुरू होते त्या पट्ट्यात हा आधार नसतो, आणि बहुसंख्य रुग्णांत इजा तेथेच होते.

लक्षणे व तपासणी

सुरुवातीला कुत्रा पाठीला बाक काढतो, जिना चढत नाही, उचलून घेताना केकाटतो. पोट दुखत असल्याचा गैरसमज या टप्प्यावर सहज होतो. पुढे चाल डगमगते, मग उभे राहता येत नाही, त्यानंतर पायांची हालचाल थांबते. शेवटच्या, म्हणजे पाचव्या श्रेणीत खोल वेदनेची जाणीवही जाते.

ही जाणीव तपासताना पायाच्या बोटाचे हाड चिमट्याने दाबतात. कुत्र्याने पाय मागे ओढला, एवढ्यावरून वेदना कळली असे मानता येत नाही. पाय ओढणे ही मज्जारज्जूच्या खालच्या भागातून होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि मेंदूशी संपर्क पूर्ण तुटला तरी ती चालू राहते. कुत्र्याने मान वळवून पाहिले, तो ओरडला किंवा चावायला आला, तरच संदेश मेंदूपर्यंत पोहोचला असे म्हणता येते. आपल्या कुत्र्याचा ‘पाय हलतो’ या आशेवर मालक कधीकधी मोलाचे दिवस घालवतात, म्हणून हा भेद महत्त्वाचा ठरतो.

क्ष-किरण चित्रात चुना साठलेली गादी दिसू शकते, मात्र मज्जारज्जू दिसत नाही. शस्त्रक्रियेची नेमकी जागा ठरवण्यासाठी एमआरआय, सीटी स्कॅन किंवा या सोयी नसल्यास मायलोग्राफी करावी लागते.

शस्त्रक्रिया

केवळ वेदना असलेले आणि डगमगत का होईना चालणारे बहुतेक कुत्रे पिंजऱ्यातील सक्तीच्या विश्रांतीने व वेदनाशामकांनी सुधारतात. विश्रांती साधारण चार आठवड्यांची असते. औषधाने दुखणे थांबले की कुत्रा पुन्हा उड्या मारू लागतो आणि उरलेला गाभाही बाहेर येऊ शकतो. त्यामुळे पिंजऱ्याविना दिलेले वेदनाशामक धोक्याचे ठरते. माणसांसाठीची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नयेत. स्टेरॉइड आणि इतर दाहशामके एकत्र दिल्यास जठराला व आतड्याला प्राणघातक व्रण होऊ शकतात.

चालता येत नसेल, किंवा वेदना औषधांना दाद देत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कंबरेच्या भागात बहुधा हेमिलॅमिनेक्टॉमी करतात. मणक्याच्या कमानीचा एका बाजूचा भाग ड्रिलने घासून खिडकी पाडली जाते आणि तिच्यातून फुटलेला गाभा अलगद काढला जातो. मानेतील गादीपर्यंत गळ्याच्या बाजूने पोहोचतात. अनेक शल्यचिकित्सक शेजारच्या गाद्यांचा गाभाही त्याच वेळी कोरून काढतात; याला फेनेस्ट्रेशन म्हणतात.

शस्त्रक्रियेने दाब हटतो, मेलेले चेतातंतू मात्र परत येत नाहीत. पाय लुळे असूनही खोल वेदना कळत असलेले सुमारे ९० टक्के कुत्रे शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालतात, आणि त्यांतील बरेच काही आठवड्यांतच. ही जाणीव गेली असल्यास हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा थोडे अधिक असते. ४८ तास उलटले की शस्त्रक्रिया व्यर्थ, असे पूर्वी मानले जाई. पुढील अभ्यासांत इतकी ठाम सीमा आढळली नाही. तरी उशीर करण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

वाहनाच्या धडकेने मणका मोडणे किंवा निखळणे ही वेगळी इजा आहे. भारतातील रस्त्यांवर भटक्या कुत्र्यांना ती वारंवार होते. तेथे सळया, स्क्रू व अस्थिसिमेंट वापरून कणा स्थिर करावा लागतो. अशा अपघातात खोल वेदनेची जाणीव गेली असेल, तर पुन्हा चालण्याची आशा फारच थोडी असते.

शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा

मूत्राशयाची काळजी ही या काळातील सर्वांत जिकिरीची बाब आहे. कुत्र्याला स्वतःहून लघवी करता येत नाही. मूत्राशय भरून तुडुंब होते आणि मग थोडी थोडी लघवी गळू लागते. ओली गादी पाहून घरच्यांना लघवी होत असल्याचे वाटते, प्रत्यक्षात मूत्राशयाचा स्नायू ताणून निकामी होत असतो. म्हणून दर सहा ते आठ तासांनी पोटावर हाताने दाब देऊन किंवा कॅथेटरने ते रिकामे करतात. मूत्रमार्गाचा संसर्ग तरीही नेहमी आढळतो. शय्याव्रण टाळण्यासाठी जाड, कोरडे अंथरूण देतात आणि कुत्र्याची कूस बदलत राहतात.

सांध्यांची हालचाल, मालिश, पोटाखाली पट्टा धरून उभे करणे आणि पुढे पाण्यातील ट्रेडमिलवर चालवणे, असा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवतात. पाण्यात शरीराचे वजन हलके होते, त्यामुळे दुबळे पाय पाऊल टाकू शकतात.

पाचव्या श्रेणीतील सुमारे दहा टक्के कुत्र्यांत मज्जारज्जू क्रमाक्रमाने विरघळत जाण्याची गुंतागुंत उद्भवते. ती बहुधा पहिल्या आठवड्यात दिसते: शेपूट व गुदद्वार शिथिल पडते, पाठीवरील संवेदनेची सीमा रोज पुढे सरकते, नंतर पुढचे पाय आणि अखेर श्वसनाचे स्नायू निकामी होतात. यावर खात्रीचा उपाय नाही आणि सहसा दयामरणाचा निर्णय घ्यावा लागतो.

खोल वेदना कधीच परत न आलेले काही कुत्रे अनेक महिन्यांनी अडखळत चालू लागतात. ही चाल मज्जारज्जूच्या खालच्या भागातील चेतामंडलांची असते. तिला मेंदूचा ताबा नसतो. ज्यांना तेही जमत नाही ते चाकगाडीच्या आधाराने फिरतात, मात्र मूत्राशय रिकामे करण्याचे काम घरातल्यांना जन्मभर करावे लागते.

संशोधन

कुत्र्यांतील ही इजा नैसर्गिकरीत्या होत असल्याने माणसाच्या मज्जारज्जूच्या इजेसाठीही तिचा अभ्यास होतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत दीर्घकाळ लुळ्या असलेल्या ३४ पाळीव कुत्र्यांपैकी काहींच्या मज्जारज्जूत त्यांच्याच नाकातून घेतलेल्या पेशी सोडण्यात आल्या. पेशी मिळालेल्या कुत्र्यांत पुढच्या व मागच्या पायांचा ताळमेळ सुधारला. मेंदूकडून येणारे दीर्घ चेतामार्ग पुन्हा जुळल्याचे मात्र आढळले नाही.