यकृत आणि किडनीच्या मधली रेघ

छोट्या सोनोग्राफी यंत्राच्या प्रोबच्या एका कडेला बारीक खूण असते. ती रुग्णाच्या डोक्याकडे ठेवून प्रोब उजव्या कुशीला, खालच्या बरगड्यांवर टेकवायचा. करंगळी बरगडीवर रोवली की हात घसरत नाही. पडद्यावर यकृत, त्याखाली किडनी आणि दोघांमध्ये एक पांढरी रेघ दिसते. माणूस जांभळाच्या झाडावरून पडलेला असेल आणि त्या रेघेच्या जागी काळी पट्टी दिसली, तर ते रक्त धरायचं आणि पुण्याला फोन लावायचा.

नव्या डॉक्टरांना हे शिकवताना एक गोष्ट हमखास दिसते. हात थांबत नाही. जेल भसाभस ओततात, प्रोब पोटभर फिरवतात आणि काही दिसेना झालं की गेन, म्हणजे पडद्यावरचा उजळपणा, वाढवतात. गेन वाढला की काळं राखाडी होतं, म्हणजे जे शोधायचं तेच लपतं. बरगडीची सावली आडवी आली तर प्रोब तिथेच ठेवून रुग्णाला सांगायचं, "मामा, श्वास भरून घ्या, सोडू नका." यकृत खाली सरकतं आणि चित्र उघडतं. दुखण्यामुळे मामांना श्वासच भरता येत नसेल, तर प्रोब थोडा तिरका करून दोन बरगड्यांच्या फटीतून बघायचं. दिवे मालवले तर पडदा स्वच्छ दिसतो, पण अंधार झाला की नातेवाईक धास्तावतात. डोक्यावर चादर ओढून पडदा बघणारे डॉक्टरही मी पाहिलेत.

मग डावीकडे प्लीहा, ओटीपोटात मूत्राशयाची मागची बाजू आणि छातीच्या मधल्या हाडाखालून हृदय. सरावलेल्या हाताला तीन-चार मिनिटं पुरतात. मात्र पट्टी दिसली नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. साधारण अर्धा लिटर रक्त साठेपर्यंत ते अनेकांच्या नजरेतून सुटतं. म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं.

भोरसारख्या तालुक्याच्या गावाहून पुणे पन्नासेक किलोमीटर. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यातून निघालेल्या गाडीला आधी नसरापूर गाठावं लागतं, मग हायवे. अशा ठिकाणी डॉक्टरला रोगाचं पूर्ण नाव कळलं नाही तरी चालतं. हा रुग्ण सकाळपर्यंत इथे थांबेल, की आत्ताच सर्जन आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात न्यायचा, एवढं ठरवता आलं पाहिजे.

विंचू चावला तरी निर्णय हाच असतो. भोरकडून वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून मृत्यू रोखले. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. या दंशात हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. छातीवर प्रोब ठेवला की पडद्याच्या तळापर्यंत उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा दिसतात, बऱ्याचदा स्टेथोस्कोपला काही ऐकू येण्याआधी.

मग हे छोटं यंत्र घेऊन डॉक्टर वाड्या-वस्त्यांवर का जात नाही? कारण याच यंत्राने गर्भाचं लिंग बघणारे आपणच आहोत. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राला करावा लागला, केंद्राचा 1994 मध्ये आला. यंत्र कशासाठीही वापरा, नोंदणी हवीच. 2012 च्या नियमांनुसार पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत रुग्णालयातल्या दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या आरोग्य पथकातच वापरता येतं. 2014 पासून धावणाऱ्या ‘108’ रुग्णवाहिकांमध्ये बहुतेक डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर. त्यांना ते हाती धरता येत नाही.

नियमांचा हा जाच मला मान्य आहे. पोटातल्या मुलींचा हिशेब बघितला की सैल नियमाची मागणी तोंडातून निघत नाही. माझी तक्रार प्रशिक्षणाबद्दल आहे. एमबीबीएस डॉक्टरांसाठी 2014 मध्ये सहा महिन्यांचा, तीनशे तासांचा अभ्यासक्रम ठरला, तो पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचा. विंचू चावलेल्याची फुप्फुसं त्यात बसत नाहीत, अपघातातल्या माणसाचं हृदयही नाही. नोंदणी, तपासणी, शिक्षा सगळं आहे तसं ठेवा. तातडीच्या सेवेतल्या डॉक्टरांसाठी मात्र रक्तस्राव, फुप्फुस आणि हृदय एवढ्याचाच वेगळा, छोटा अभ्यासक्रम काढा, आणि तो पुण्यात न घेता तालुक्याच्या रुग्णालयात, रुग्णाच्या खाटेशी घ्या.