रेडिओची शिदोरी

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात इतका पाऊस झाला की रुळांवर पाणी साचून लोकलगाड्या थांबल्या. मिठागरांमधील वस्तीला पाण्याने वेढले. बऱ्याच भागांत वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. अशा वेळी प्रत्येकाचा हात पहिल्यांदा मोबाइलकडे जातो. पण मोबाइलचा मनोरासुद्धा विजेवरच चालतो. वीज गेली की तो स्वतःच्या बॅटरीवर काही तास तग धरतो आणि मग गप्प होतो.

मनोरे गप्प झाले तरी जो बोलू शकतो, तो हौशी रेडिओ. हौशी म्हणजे पोटासाठी नव्हे, तर आवडीसाठी काम करणारा. उर्दूत आपण ‘शौकिया’ म्हणतो, तोच अर्थ. जगभर अशा रेडिओचालकांना ‘हॅम’ म्हणतात. ते परीक्षा देतात, सरकारचा परवाना घेतात आणि मगच संच चालवतात. त्यांचा संच दुसऱ्या संचाशी थेट बोलू शकतो. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानात त्सुनामीच्या लाटा आल्या, तेव्हा भारती प्रसाद या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. टेलिफोन बंद पडले होते. त्यांच्या संचावरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातेवाइकांपर्यंत पोहोचू लागली.

मात्र संच कितीही चांगला असला तरी त्याला वीज हवीच. घराबाहेर पडणाऱ्या हॅमला ती बॅटरीत भरून बरोबर न्यावी लागते. प्रवासाला निघताना आपण शिदोरी बांधतो, तसेच हे. किती माणसे, किती वेळ, हे पाहूनच आपण भाकऱ्या मोजतो ना? बॅटरीचेही तसेच मोजमाप करावे लागते.

समजा, एक हॅम आपला छोटा संच घेऊन होडीने अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाणार आहे. तेथे त्याला सहा तास काम करायचे आहे. त्याचा संच ५ वॅटचा आहे. नुसते ऐकताना तो ०.४ अँपिअर विद्युतधारा घेतो, पण बोलण्याचे बटण दाबले की २ अँपिअर घेतो. तासातील पंधरा मिनिटे तो बोलला आणि पंचेचाळीस मिनिटे त्याने ऐकले, असे धरू. बोलण्यासाठी पाव तास गुणिले २, म्हणजे ०.५. ऐकण्यासाठी पाऊण तास गुणिले ०.४, म्हणजे ०.३. बेरीज झाली ०.८ अँपिअर-तास. सहा तासांना ४.८ अँपिअर-तास लागतील.

आता तो दुकानात जातो. इन्व्हर्टर-यूपीएसच्या दुकानात शिशाची सीलबंद बॅटरी मिळते. तिच्यावर ‘१२ व्होल्ट, ७ एएच’ असे लिहिलेले असते. एएच म्हणजे अँपिअर-तास. ४.८ हवेत आणि ७ आहेत, म्हणजे काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण थांबा. हा ७ चा आकडा बॅटरी वीस तास हळूहळू वापरली तर खरा ठरतो, म्हणजे तिच्यातून ०.३५ अँपिअर एवढीच धारा घेतली तर. घाईने धारा ओढली की शिशाची बॅटरी आकड्यापेक्षा कमी वीज देते. शिवाय ती पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणून साधारण निम्मीच वापरावी. निम्मी म्हणजे साडेतीन अँपिअर-तास. आपल्या हॅमची शिदोरी सव्वाचार तासांतच संपली! त्याला १२ एएचची बॅटरी घ्यावी लागेल आणि तेवढे शिसे होडीत चढवावे लागेल. ७ एएचची बॅटरीच दोन किलोंहून जड असते.

दुसरी एक अडचण आहे. बॅटरी उतरू लागली की तिचा दाब, म्हणजे व्होल्ट, कमी होतो. बहुतेक संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात. दाब साडेअकराच्या खाली गेला की काही संचांचा आवाज फाटतो, तर काही बंदच पडतात. बॅटरीत वीज शिल्लक असते, पण ती संचाच्या उपयोगाची नसते.

या दोन्ही अडचणींवर चांगला उपाय म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. आयर्न म्हणजे लोखंड. १९९७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी हा पदार्थ बॅटरीसाठी कसा उपयोगी पडतो ते दाखवले. याच गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीचा एक घट ३.२ व्होल्टचा असतो. चार घट एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. ती जवळजवळ संपेपर्यंत दाब फारसा उतरत नाही. ७ एएचपैकी सहा तरी सहज वापरता येतात. म्हणजे आपला हॅम सात तासांहून अधिक वेळ बोलू शकेल. वजनही शिशाच्या निम्म्याच्या आसपास. किंमत जास्त आहे हे खरे, पण ती शेकडो वेळा नव्हे, हजारो वेळा भरता येते. मला विचाराल तर खांद्यावरून वाहून न्यायची असेल तर हीच घ्यावी. घरातच एका जागी ठेवायची असेल तर शिशाची बॅटरी स्वस्त आणि पुरेशी आहे.

मोबाइलमध्ये असते तशी लिथियमची बॅटरी आणखी हलकी असते. पण ती चेपली, भोसकली गेली किंवा चुकीच्या चार्जरवर भरली, तर पेट घेऊ शकते. फॉस्फेटची त्या मानाने पुष्कळ शांत. तरीही तिच्या आत संरक्षण करणारे सर्किट आहे का, हे विचारून घ्यावे आणि तिच्यासाठीच बनवलेला चार्जर वापरावा. बाजारात एखाद्या अगदी हलक्या बॅटरीवर भलामोठा आकडा छापलेला दिसला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. वजन खोटे बोलत नाही.

हातात मावणाऱ्या संचासाठी साधे अल्कलाइन सेलही ठेवावेत. ते किराणा दुकानातही मिळतात आणि कपाटात काही वर्षे टिकतात. वीज नसताना त्यांना भरण्याचा प्रश्नच येत नाही.

वीज दोन-तीन दिवस आली नाही तर मोठी बॅटरी भरायची कशी? ऊन असेल तर सौर पट्टीवर, नाहीतर मोटारीच्या बारा व्होल्टवर, योग्य चार्जर मधे जोडून. पूर येतो तेव्हा आपल्याकडे ऊन नसते, म्हणून जूनच्या आधीच ती भरलेली हवी. शिशाची बॅटरी वापरात नसली तरी हळूहळू उतरते. तिला दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण भरावे लागते, नाहीतर ती आतून मरते. आणि वसईची हवा खारी आहे. खाडीकाठच्या घरांत बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि विजेची वाट अडते. टोके कोरड्या फडक्याने पुसून, तारा घट्ट बसवून वर थोडे व्हॅसलीन लावावे. तारा जाड आणि आखूड घ्याव्यात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा, म्हणजे पुढे कोठेही दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी आग लागण्याआधी फ्यूज वितळेल.