एक भिंत, तीन कलावंत

न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी पठारावर, रँचोस दे ताओस इथे मातीच्या विटांचं जुनं चर्च आहे. चित्रकार जॉर्जिया ओकीफला भावली ती त्याची पाठ! मातीने लिंपलेले फुगीर टेकू आणि वर आभाळ, बस्स. १९२९ पासून तिने ती पुन्हा पुन्हा रंगवली. ॲन्सेल ॲडम्स आणि पॉल स्ट्रँड यांनी तीच कॅमेऱ्यात पकडली.

१९३० मध्ये ताओसलाच स्ट्रँडने ॲडम्सला आपलं काम दाखवलं. जवळ प्रिंट नव्हते, नुसत्या निगेटिव्ह. त्या पाहून पियानोवादक व्हायला निघालेल्या ॲडम्सने ठरवलं, आता फोटोग्राफीच!

ओकीफचं चित्र आणि स्ट्रँडचा फोटो शेजारी ठेवून बघाच. चित्रातली भिंत लोण्यासारखी मऊ. फोटोत तिचा खरखरीतपणा बोटांना जाणवतो.